मामाची शिकवणी

निकाल कळल्यापासून आत्माराम तांडेल चिंचणीच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या आपल्या होडीच्या सावलीत बसून होता आणि जो कोणी बोलायला येई त्याला परतवून लावीत होता. त्याचा भाचा एकनाथ वैमानिकाच्या परवान्याला मुकला होता. विमान त्याने उत्तम चालवले होते, हवामानाचा आणि दिशाशास्त्राचा पेपरही झोकात दिला होता. परंतु धंद्याचा परवाना हाती पडण्याआधी जी वैद्यकीय तपासणी होते तीत त्याचे डोळे नापास ठरले होते. त्या डोळ्यांना शिकवण्याचे काम मामाने अंगावर घेतले होते. तेव्हा नापास नेमके कोण झाले, हा प्रश्न आत्मारामच्या मनात पुन्हा पुन्हा उठे आणि उत्तर दर वेळी एकच येई.

एकनाथची आई ठकी ही आत्मारामची धाकटी बहीण. तिचा नवरा सांताक्रूझच्या विमानतळावर विमाने दुरुस्त करणाऱ्यांच्या हाताखाली होता. तो अकाली गेला, तेव्हा ती मुलाला घेऊन बोईसरला आली आणि तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर खानदेश-मराठवाड्यातून आलेल्या माणसांसाठी तिने खानावळ घातली. बापाने ज्या विमानांचे नट आवळले ती मुलाने उडवावीत, एवढे एकच मागणे तिने देवापाशी मागितले होते, आणि मुलगा शिष्यवृत्ती मिळवून त्या मागण्याच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन पोचला होता. तिथे मुंबईच्या डॉक्टरांनी त्याच्यापुढे रंगीत ठिपक्यांच्या पाट्या धरल्या. ठिपक्यांत दडलेला आकडा वाचायचा. एकनाथला बहुतेक पाट्यांत आकडा दिसलाच नाही, आणि जिथे दिसला तिथे भलताच दिसला. विमानातले बिनतारी यंत्र बंद पडले तर मनोऱ्यावरून दिवा दाखवतात, हिरवा म्हणजे उतर, तांबडा म्हणजे उतरू नकोस, आणि पाठीमागे माणसे बसलेली असतात, असे डॉक्टरांनी त्याला समजावले. तथापि नियमात एक सवलत होती. पाट्यांत चुकलेल्याला काही महिन्यांनी कंदिलाची चाचणी देता येई. अंधाऱ्या खोलीत दूरवर एकेक बारीक दिवा लागतो. त्याचा रंग न चुकता सांगायचा.

आईला सांगवत नाही ते मामाला सांगायचे, ही आपल्याकडची रीत. एकनाथने ती पाळली आणि तिथेच त्याचा घात झाला. आत्मारामने तारापुरातल्या एका ओस पडलेल्या बंगल्याच्या खिडक्यांच्या फुटक्या रंगीत काचा राखणदाराकडून मागून आणल्या आणि निवडून दोन टोपल्यांत भरल्या, एकीत तांबड्या, दुसरीत हिरव्या. दिवस बुडाला की तो वाळूवर लांब जाऊन कंदिलापुढे काच धरी. इकडून एकनाथ रंग ओरडून सांगे. प्रारंभी पोरगा अडखळे. मग दोघांनी मिळून एक खूण बसवली: दबलेला उजेड तो तांबडा, मोकळा उजेड तो हिरवा. या खुणेने चूक म्हणून होईना. मामा प्रत्येक उत्तराला ‘बराबर’ म्हणू लागला. अशा तयारीने एकनाथ मुंबईला गेला आणि त्या खोलीत त्याने मंद हिरव्याला तांबडा म्हटले, प्रखर तांबड्याला हिरवा म्हटले, तेही इतक्या ठामपणे की डॉक्टरांनी दिवे पुन्हा लावून पाहिले. कागदावर ‘कायमचा अपात्र’ असा शेरा पडला.

एकनाथ किनाऱ्यावर आला तो होडीपाशी उभाच राहिला.

“मामा, तू तेव्हा खरंच बघत होतास, का माझं मन राखायला बराबर म्हणत होतास?”

“तुजी शपथ. दिसलं तेच बोललो.”

“मग सरकारचा दिवा खोटा?”

आत्माराम उठला, अंगावरची वाळू झाडली. “त्या डॉक्टरला मी विचारतो. शिकवणारा मी हाय, जाब मला देऊ दे.”

“तू काय विचारणार त्याला? पापलेटाचा भाव?”

“तो पण विचारीन. मुंबईचा माणूस हाय, बाजारात फसत असंल.”

एकनाथला हसू आले नाही. तरीही तो बरोबर गेला, कारण बुडत्या माणसाजवळ नकार द्यायलाही बळ उरत नाही.

दुपार कलेपर्यंत ते दोघे मुंबईला डॉक्टरांच्या कचेरीच्या बाकावर बसून राहिले. आत बोलावल्यावर आत्मारामने आपली बाजू मांडली, आणि ती एखाद्या वकिलाने मांडावी तशी मांडली. पोराच्या डोळ्यांत खोट नसून शिकवणीत खोट आहे. काचा जुन्या होत्या, वात काजळत होती. मास्तर चुकला म्हणून पोराला शाळेतून जन्माचे काढून टाकीत नाहीत. नवा मास्तर लावू, चांगला कंदील आणू, फक्त एक वेळ पुन्हा बसू द्या. डॉक्टर वयस्क होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि शिकवणारा नात्याने कोण, एवढेच विचारले.

“मामा.”

“आईचे सख्खे भाऊ?”

“एका आईची लेकरं आमी.”

डॉक्टरांनी हातातले पेन खाली ठेवले, पाट्या काढल्या आणि त्यातली एक आत्मारामपुढे धरली. आत्मारामला धीर आला. ही मास्तरची परीक्षा; मास्तर उतरला तर पोराचे दार पुन्हा उघडेल. बंदरावरच्या वजनकाट्याने त्याला इंग्रजी आकडे शिकवले होते. तो पुढे वाकला, नीट न्याहाळले आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “एकवीस.”

त्याने भाच्याकडे पाहिले. एकनाथचा चेहरा उतरला होता. त्या पाटीवर त्यानेही एकवीसच वाचले होते. दारातल्या शिपायाला डॉक्टरांनी तीच पाटी दाखवली, तेव्हा तो म्हणाला, चौऱ्याहत्तर.

मग डॉक्टरांनी सावकाश सांगितले. हा दोष बहुधा पुरुषांत दिसतो, पण येतो आईच्या वाटेने. तुमच्या आईकडून तो तुमच्यात आला आणि तुमच्या बहिणीतही आला. तिचे डोळे स्वच्छ असतील, तिला जन्मभर पत्ता लागणार नाही, पण तिने तो मुलाला दिला. याला औषध नाही, शिकवणीही नाही.

आत्माराम ऐकत होता आणि त्याचे सारे आयुष्य त्याच्या नजरेसमोर वेगळेच होऊन उभे राहत होते. ताजी मासळी लोक कल्ल्याच्या लालीवरून ओळखत. तो बोट दाबून ओळखी, आणि तांडेलाचे बोट म्हणून कोळिणी त्याला मानीत. तांबडे-हिरवे ही लोकांनी एकाच गोष्टीला उगाच दिलेली दोन नावे असावीत, असे त्याला कैक वेळा वाटले होते. पण हे काही कोणाला विचारण्यासारखे नव्हते. त्या काचाही त्याने दबलेला आणि मोकळा उजेड बघूनच दोन टोपल्यांत निवडल्या होत्या.

“साहेब, माजी होडी घ्या,” तो म्हणाला. “दर्यावर पाय ठेवणार नाय. पोराला तेवढा सोडा.”

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांना त्या माणसाची कीव आली असावी, पण कीव येऊन नियम वाकत नाही, आणि हा नियम वाकू नये हे त्या खोलीतल्या तिघांनाही कळत होते.

बोईसरला उतरून घराकडे चालताना एकनाथ प्रथमच बोलला. आईला खरे ते सांगणार, असे तो म्हणाला. कुणाकडून आले ते तिलाही कळू दे.

आत्मारामने त्याचे मनगट धरले. “मला हवं तर समुद्रात ढकल. पण तिला हे सांगू नको. तुला रोज वाढताना ती सोताला शिव्या देईल.”

“आणि मी काय करू? कुणाला देऊ शिव्या?”

“मला दे.”

ठकीने दोघांची ताटे मांडून ठेवली होती. भावाचा चेहरा पाहून ती थबकली, पदराला हात पुशीत उभी राहिली. आत्माराम खाली बसला नाही.

“ठके, रंगीत दिव्यांची एक परीक्षा होती. तिची तयारी मी घेतली. मी पिऊन बसायचो. दिवा बघायचोच नाय, नुसता बराबर बराबर बोलायचो. पोरगा खोटं शिकला नि पडला.”

“परत देता येईल ना?”

“नाय.”

ठकी मुलाकडे वळली. “खरं हाय हे?”

एकनाथने मामाकडे पाहिले. त्या पाहण्यात राग होता, आणि रागाखाली जे होते त्याला त्याच्याकडे शब्द नव्हता.

“हो,” तो म्हणाला.

ठकी रडली नाही. तिने वाकून भावाचे ताट उचलले, त्यातला भात परत पातेल्यात घातला आणि ताट मोरीत नेऊन ठेवले.

“दादा, तू जा आता. परत या दारात येऊ नको.”

आत्मारामने बाहेर येऊन चपला घातल्या. आतून एकनाथचा आवाज आला, “आई...” आणि आत्माराम जागच्या जागी थांबला. पोरगा पुढे काही बोलत नाही, याची खात्री होईपर्यंत तो अंगणात उभा होता. मग तो चिंचणीच्या रस्त्याला लागला.