बिनफुंकरीचा चमत्कार

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर आमचे टेलर मास्तर अंग चोरून बसले होते. कापड बेतण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण अलीकडे ते घेतलेलं माप वळेपर्यंत विसरत, सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच लावत. शेजारच्या मशीनवर बसून मी हे रोज बघत होतो.

"कात्री, होडी, कुलूप. लक्षात ठेव!" भूतबाधा उतरवणारे महाराज गरजले. मग बराच वेळ स्वतःचेच गोडवे गाऊन झाल्यावर विचारलं, "काय सांगितलं होतं?"

मास्तरांचे ओठ नुसते हलले.

"बघा! आत बसलेला समंध शब्द गिळतोय!" महाराजांनी टाळूवर फुंकर मारली. "आता बोल. सुई की कात्री? होडी की गाडी? कुलूप की किल्ली?"

"कात्री... होडी... कुलूप."

टाळ्यांचा नुसता कडकडाट!

"गोळ्या बंद," महाराजांनी फर्मावलं. "त्याच त्या आतल्याला पोसतात."

गोळ्या एचआयव्हीच्या होत्या. मी मास्तरांच्या बायकोला, वहिनींना, परोपरीने समजावलं.

"भावोजी, तुमच्या डोळ्यांदेखत बोलले ना हे?" असं म्हणून त्यांनी गोळ्या गटारात ओतल्या.

पुढे मास्तरांना अंगातल्या सदऱ्याची बटणंही लावता येईनात. मग तापाने अंथरूण धरलं, तेव्हा कुठे वहिनी दवाखान्यात यायला तयार झाल्या.

ताप उतरल्यावर डॉक्टरबाईंनी शब्द सांगितले: पेला, घोडा, दार. थोड्या वेळाने विचारलं. मास्तरांना एकही आठवेना.

"पेला की बशी?"

"पेला."

"गाय की घोडा?"

"घोडा."

वहिनी चक्रावल्या. "तुम्ही फुंकर कधी मारलीत?"

"मारलीच नाही. शब्द डोक्यात असतात, पण आपणहून काढता येत नाहीत. पर्याय दिले की ओळखता येतात. या विषाणूचा मेंदूवर परिणाम झाला की असं होतं. गोळ्या त्यालाच आवर घालतात."

"आता पहिल्यासारखे होतील?"

"नियमित घेतल्या तर सुधारतील. सगळंच परत येईल, असं खोटं सांगणार नाही."

वहिनी भिंतीला टेकून खाली बसल्या. "माझ्याच हातांनी केलं हो मी!"

मास्तर आता दुकानात येतात. कुठून कापायचं ते मी दाखवतो, मग ते कापतात. वहिनींचा मला राग नाही. राग आहे त्या टाळ्यांचा. फुंकर न मारता नुसते पर्याय दिले तर काय होतं, एवढं एकाने तरी विचारायला हवं होतं. तुम्ही विचारा, भर सभेत विचारा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणाचं औषध बंद करू नका.