फॉस्फेट येतं कुठून?

कल्याणी रणपिसेला पीएचडीचं तिसरं वर्ष लागलं, तरी तिच्या काचेच्या भांड्यातलं शेवाळ काही केल्या उपाशी राहायला तयार नव्हतं.

त्याला अर्धपोटी ठेवणं हेच तर तिचं काम होतं. भांड्यात एका बाजूने पंपातून थेंब थेंब खाद्य पडायचं, दुसऱ्या बाजूने तेवढंच हिरवं पाणी बाहेर जायचं, आणि वर दिव्यांचा अखंड उजेड. खाद्यात बाकी सगळं मुबलक, फॉस्फेट तेवढं बेताचं. अशा वेळी पेशी मिळेल तेवढ्यावर वाढतात आणि एका ठरावीक दाटपणाला येऊन थांबतात. त्या स्थिर अवस्थेनंतरच खरी मोजमापं सुरू होणार होती. पण पाणी फिकट पोपटी झालं म्हणून कल्याणीला हायसं वाटतंय तोवर खाद्याची बाटली बदलायची वेळ यायची, आणि नव्या बाटलीवर भांडं पुन्हा गर्द हिरवं.

"सलिलला याच भांड्याने कधी त्रास दिला नाही," तिच्या मार्गदर्शक नीरजा मॅडम म्हणाल्या. सलिल त्यांचा आधीचा विद्यार्थी, आता बंगळुरूला नोकरीत. "फॉस्फेट सोड, नायट्रोजनवर काम घे. पीएचडीच्या समितीपुढे काय, हिरवं पाणी ठेवणार आहेस?"

"मॅडम, फॉस्फेट कुठून तरी जास्तीचं येतंय. ते सापडेपर्यंत नाही सोडणार."

"शोध. पण समितीची तारीख तुझ्यासाठी थांबणार नाही."

कल्याणीने फॉस्फेट अजिबात न घातलेलं खाद्य सुरू केलं. आता पेशी हळूहळू वाहून जाऊन पाणी नितळ व्हायला हवं होतं. ते विरळ झालं खरं, पण मग तिथेच अडलं. पेशींच्या पोटातला जुना साठा कधीच संपला असणार, तरी हिरवी झाक जाईना. मग तिने एकेक गोष्ट तपासायला घेतली. क्षार निर्दोष निघाले, पाणी निर्दोष, नळ्याही. शेवटी कपाटातल्या धुतलेल्या रिकाम्या बाटलीत नुसतं शुद्ध पाणी भरून दिवसभर ठेवलं आणि त्यातलं थोडं परीक्षानळीत घेऊन फॉस्फेटची चाचणी केली. नळी निळी झाली, म्हणजे पाण्यात फॉस्फेट होतं. दुसरी बाटली आम्लाने धुऊन तेच केलं, ती नळी रंगहीन राहिली.

बाटल्या साबणाने धुतल्या जात होत्या आणि साबणात फॉस्फेट होतं. आम्लाने धुवायची पद्धत प्रयोगशाळेत पूर्वी होती. ती तिच्याही आधी, सलिलच्या वेळीच कधीतरी मागे पडली होती. आणि सलिलचा नावाजलेला पेपर याच बाटल्यांवर उभा होता. त्यावर मॅडमचंही नाव होतं. सापडल्याचा आनंद कल्याणीला धड घेताही आला नाही.

खडकीला घरी आल्यावर तिने जेवताना सगळं सांगितलं. तिचे वडील रामदास रणपिसे दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुझं काम सुधारलं ना? मग त्या पोराचं कशाला उकरतेस? बाईंची सही लागते तुला."

"पप्पा, माझे आकडे त्याच्या आकड्यांशी जुळणार नाहीत. मग चुकीची कोण ठरणार?"

रामदासांनी आमटीचं पातेलं तिच्याकडे सरकवलं.

सकाळी ती दोन्ही नळ्या घेऊन मॅडमच्या खोलीत गेली. मॅडमनी निळी नळी उजेडात धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

"म्हणजे माझा पेपर साबणाच्या पाण्यात गेला म्हणायचा."

"तसं मी म्हणत नाही, मॅडम. पण तपासायला हवं."

"आधी स्वतःचं निस्तर."

त्यानंतर मॅडम तिच्याशी कामापुरतंही बोलेनात. कल्याणीने दोन भांडी शेजारी शेजारी लावली. शेवाळ तेच, खाद्य तेच, पंपाचा वेग तोच. एकाच्या बाटल्या आम्लाने धुतलेल्या, दुसऱ्याच्या नेहमीसारख्या. दुसरं भांडं गर्द होत गेलं. पहिलं फिकट पोपटी रंगावर आलं आणि बाटली बदलली तरी तिथेच राहिलं. रोजची मोजणी तेच सांगत होती.

एका दुपारी मॅडम न बोलावता आल्या. दोन्ही भांड्यांसमोर वाकून उभ्या राहिल्या. मग चष्मा काढून पुसला.

"सलिलला मी फोन केलाय. पेपरची दुरुस्ती पाठवावी लागेल. त्यात तुझं नाव पहिलं घालते."

"माझं?"

"हो. शिव्याही पहिल्या तुलाच पडतील. तयारी आहे?"

"आहे," कल्याणी म्हणाली, आणि पंपाकडे वळली.

समितीपुढे तिने दोन्ही भांड्यांचे आलेख दाखवले. एका सदस्यांनी विचारलं, "तीन वर्षांत एवढंच?"

"हो सर. मोजमापं आता सुरू करतेय. मला मुदत वाढवून हवी आहे."

नीरजा मॅडम शेजारून म्हणाल्या, "आणि ती मी मागतेय असंही लिहून घ्या."

मुदत मिळाली, मागितली त्यापेक्षा कमी. कल्याणी परत आली, हातमोजे चढवले आणि खाद्याची पुढची बाटली आम्लाने धुवायला घेतली.