फाटकावरचा इनास

पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्याच्या फाटकावर इनास बार्देस्कर बारा वर्षं बसत होता. मूळचा खानापूरकडचा. आधी लेथवर होता, नजर अधू झाल्यावर सिक्युरिटी एजन्सीचा निळा गणवेश चढवला. बारा तासांची पाळी, सुजलेले गुडघे, आणि घंटा वाजली की उठायचं. कधी टेम्पो, कधी कुरियर, कधी पत्ता चुकलेला कुणी.

उठताना तो पुटपुटायचा, "येतो, प्रभू." सवय लहानपणची. गावच्या चर्चमध्ये मास्तरांनी संत अल्फोन्ससची गोष्ट सांगितली होती. स्पेनमधल्या एका बेटावर, धर्मगुरूंच्या कॉलेजात हा साधा दारवान. घंटा वाजली की बाहेर प्रभूच उभा आहे असं समजून "येतो, प्रभू" म्हणत जायचा, तेही कितीतरी वर्षं. अलीकडे इनासच्या तोंडून मात्र ते शब्द कण्हल्यासारखे निघायचे.

फेब्रुवारीअखेरीपासून शिवाप्पा यायला लागला. चिक्कोडीचा, चाळिशी उलटलेला, इथंच प्रेस मशीनवर नऊ वर्षं काम केलेला. सुपरवायझरशी वाजलं म्हणून त्याला काढलं होतं. दुसरीकडे काम मिळत होतं, पण तिथं अनुभवाचा दाखला मागत होते. तो रोज साडेदहाला यायचा आणि घंटा वाजवायचा.

"अण्णा, मॅडमना एकदा भेटू दे."

"आत सोडायचं नाही अशी ऑर्डर आहे, शिवाप्पा."

"मग कागद कधी देणार, एवढं तरी विचार."

इनास इंटरकॉमवरून एचआरच्या श्वेता मॅडमना विचारायचा. त्या पुण्याच्या, त्याच्याशी मराठीत बोलायच्या. "काका, मीटिंगमध्ये आहे म्हणून सांगा ना. नेक्स्ट वीक बघू." तो परत फाटकापर्यंत चालत जायचा आणि तेच सांगायचा. शिवाप्पा "सरी", म्हणजे बरं, म्हणून निघून जायचा. सहा आठवडे हेच चाललं.

एप्रिलातल्या एका सकाळी घंटा वाजली तेव्हा इनासनं खिडकीतून त्याला पाहिलं, आणि उठायची इच्छाच झाली नाही. सांगायचं काय, तेच ना? त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली, मान भिंतीला टेकली आणि झोपेचं सोंग घेतलं. घंटा तीनदा वाजली. मग वाजायची थांबली. शिवाप्पा बराच वेळ उन्हात उभा होता. मग गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पहिल्यांदा इनासला सुटल्यासारखं वाटलं. मग साडेदहा वाजले की तो खिडकीतून रस्त्याकडे बघायला लागला.

रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर तो फादर दयानंदांपाशी थांबला. फादर बेळगावचे, सत्तरीचे, बाकावर बसून बुटांचे बंद सैल करत होते. इनासनं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "त्या अल्फोन्ससला दार उघडता तरी येत होतं, फादर. मला तेही नाही. नुसतं उठून नाही म्हणायला जायचं. दमलो मी."

फादरांनी दुसऱ्या बुटाचा बंद सैल केला. मग म्हणाले, "तो दारवान कसा झाला, ठाऊक आहे तुला?"

"नाही."

"कापडाचा व्यापारी होता. आपल्या चिकपेटेच्या बाजारात असतात तसा. धंदा बुडाला. बायको गेली. मुलं गेली, एकेक करून. शिकायला गेला तर वय झालेलं, तब्येत नाही. म्हणून दारावर बसवलं. आणि तिथंही मनाला फार त्रास व्हायचा त्याच्या. प्रार्थना कोरडी जायची, महिनोन्महिने."

"हे मास्तरांनी नव्हतं सांगितलं."

"मुलांना कोण सांगतं. मीसुद्धा आजवर प्रवचनात कधी सांगितलं नाही." फादरांनी डोळे चोळले. "दमलेला माणूसच उठत होता, इनास. एवढंच मला कळतं. तू काय करावंस, ते मला नाही सांगता येत."

फाटकाच्या वहीत शिवाप्पाचा पत्ता होता. सोमवारी पाळी संपल्यावर इनास लग्गेरीच्या वस्तीत गेला. दोन गल्ल्या चुकला, तिसरीत खोली सापडली. शिवाप्पा दारात बसून शेंगा सोलत होता.

"तू जागा होतास," तो म्हणाला. "पाय हलत होता तुझा."

"हो. जागा होतो."

शिवाप्पानं बाजूला सरकून बसायला जागा दिली, आत जाऊन चहा आणला. इनासनं चहा संपवला आणि म्हणाला, "अर्ज लिहून दे. मी नेतो."

मंगळवारी त्यानं दुसऱ्या दारवानाला फाटकावर बसवलं आणि अर्ज घेऊन श्वेता मॅडमच्या केबिनबाहेर बाकावर जाऊन बसला. दहा वाजता त्या म्हणाल्या, "काका, फाटक सोडून इथं का?" त्यानं कागद पुढं केला. त्यांनी तो न वाचता ठेवून दिला. इनास हलला नाही. बारा वाजता सुपरवायझर येऊन ओरडून गेला. इनास बसून होता. गुडघे ठणकत होते, पण उभं राहण्यापेक्षा बरं होतं.

साडेतीनला श्वेता मॅडमनी आत बोलावलं. त्यांचे डोळे लाल दिसत होते. "मॅनेजर सर म्हणतात पेंडिंग ठेवा, पेंडिंग ठेवा. मला काय हौस आहे का, काका?" त्यांनी दोन ओळी टाइप केल्या, स्वतःची सही केली, शिक्का मारला. "हे माझ्या अधिकारात येतं. आधीही येत होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या आणि कागद त्याच्या हातात दिला.

संध्याकाळी खोलीवर शिवाप्पानं दाखला दोनदा वाचला आणि प्लास्टिकच्या पिशवीत घातला. धन्यवाद वगैरे म्हणाला नाही. इनासला बसस्टॉपपर्यंत सोडायला मात्र आला.

शुक्रवारी एजन्सीचा फोन आला. फाटक सोडलं अशी तक्रार होती. सोमवारपासून बदली, शहराबाहेर देवनहळ्ळीला, एका नव्या लेआउटवर, प्लॉट पाडलेल्या मोकळ्या जागेवर.

घरी त्याची बायको फिलू भाकरी थापत होती. त्यानं सांगितलं.

"किती लांब?"

"तीन बस."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "म्हणजे चारला उठायचं," ती म्हणाली. "डबा रात्रीच करून ठेवते."

तो पाटावर बसला आणि गरम पाण्याचं घमेलं पायाखाली ओढून घेतलं.