पातळ पाण्यातली कालवं

बहिणीने काचपट्टीवर पाण्याचा थेंब सोडला, पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, डोळा लावला आणि बाजूला झाली.

भावाने वाकून पाहिलं. कालवांची अंडी टम्म फुगली होती. त्यातलं एक त्याच्या देखतच फुटलं.

“हीसुद्धा गेली?”

“गेली. मीठ कमी असलं की पाणी आत घुसतं.”

धरणातून यंदा इतकं पाणी सुटलं, की खाडी गोडसर झाली ती झालीच. भाऊ खाडीत दोर सोडून त्यांवर कालवं वाढवी; त्यातली बहुतेक मेली. बहीण हॅचरीत, म्हणजे कालवांची पिल्लं तयार करणाऱ्या केंद्रात, शास्त्रज्ञ. नवी पिल्लं त्याने तिच्याकडे मागितली. तिने भर समुद्रातून धष्टपुष्ट कालवं आणून खाऱ्या पाण्यात ठेवली. त्यांनी अंडी ढिगाने दिली, पण खाडीच्या पाण्यात त्यातलं एकही तग धरेना. आणि धरणवाले तर यापुढे असंच चालणार, असं सांगून मोकळे झाले होते.

“दोर गुंडाळतो, ताई. होडीतून माणसं ने-आण करेन.”

तिने सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी काढून धुतली.

“मेलेल्या दोरांवर जी चारदोन जगलीत ना, ती आण.”

त्याने आणली. खुरटलेली, वेडीवाकडी.

“ही? ही तर धड तोंडही उघडत नाहीत.”

“तोंड मिटून बसली म्हणूनच वाचली. तूही शीक जरा, वहिनी दुवा देईल.”

कित्येक दिवसांनी तो हसला.

तिने टाकीत खाडीचंच पाणी भरून ती त्यात ठेवली. मिठाचा कणही वाढवला नाही. एवढ्या पातळ, कमी खाऱ्या पाण्यात कालवं पिकतच नाहीत, अंड्यांवर येत नाहीत, असं सहकारी म्हणत. तिलाही तसंच वाटे. तरी सकाळचा चहा बाजूला ठेवून ती आधी त्यांना शेवाळाचं पाणी पाजी, शिंपल्यांवरचा गाळ मऊ ब्रशने काढी. बाळंतिणीचं करावं तसं, भाऊ घरी बायकोला सांगे.

पिकायला त्यांनी दुप्पट वेळ घेतला. मग एका दुपारी, त्यांनी अंडी सोडावीत म्हणून, तिने टाकीतलं पाणी किंचित कोमट केलं. दोघं काठाशी उभी राहिली. काहीच होईना. भाऊ निघायला वळला आणि तिने त्याचं मनगट घट्ट धरलं. एका खुरट्या शिंपल्याच्या फटीतून दुधासारखी बारीक धार निघाली होती. मग शेजारच्यातून. बघता बघता टाकी धुरकट झाली.

दुसऱ्या दिवशी तो सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढीना. इवले जीव भोवऱ्यासारखे गरगरत होते.

“फुटत नाहीत, ताई.”

“नाहीत.” तिने स्वतः पुन्हा डोळा लावून पाहिलं. “ज्या पाण्यात आई-बाप पिकले, ते पाणी पोरांच्या अंगवळणी पडलेलं दिसतंय. मला खरंच वाटलं नव्हतं रे. काय चिवट जात आहे!”

तिने टाकीतलं थोडं पाणी काचेच्या चंबूत काढून घेतलं आणि गोड्या पाण्याचा मग त्याच्यापुढे धरला.

“आता हे अजून पातळ कर.”

“मरतील ना!”

“मरतीलही. पण पुढच्या वर्षी पाणी काय आपल्याला विचारून येणार आहे?”

त्याने तो मग हातात घेतला. चंबू तिरका करून, आतल्यांना धक्का लागू नये म्हणून, काचेच्या कडेकडेने तो गोडं पाणी थेंब थेंब ओतू लागला.