केळी घेऊन आलेला पाहुणा

अजिनाथने मोहनरावांच्या दंडाला पट्टा आवळला, फुगलेली नस बोटाने चाचपली आणि ते पेपर वाचत असतानाच सुई आत सारली.

"घातली का बे?" मोहनरावांनी मान वर न करताच विचारलं.

"मशीन चालू बी झाली."

तेवढ्यात दारात एक पाहुणा उगवला. हातात डझनभर केळी. मोहनरावांनी त्याला जागच्या जागी ओळखलं. किडनीच्या पेशंटला केळं म्हणजे विष, हे माजलगावच्या या डायलिसिस वॉर्डातल्या नातेवाइकांना पहिल्या आठवड्यातच कळतं. इथे केळी घेऊन येणारा माणूस मुलीचा बापच असणार, अजिनाथची चौकशी करायला आलेला.

अजिनाथचे कान तापले. दिंद्रुडच्या शिवकन्येला बघून आल्यापासून त्याचं जेवणात लक्ष नव्हतं. तिच्या बापाने, बिभीषणने, मध्यस्थाकडून स्पष्ट कळवलं होतं: चौदा हजारांच्या कंत्राटी नोकरीवर पोरगी देणार नाही, पुण्याला अठ्ठावीस हजारांची जागा धरली तर सुपारी फोडू. पुण्याहून होकार आला होता आणि शनिवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. अजिनाथने हे वॉर्डात कुणालाच सांगितलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना माहीत होतं.

तो पाण्याच्या टाकीमागे सरकला आणि उगाच नळी पुसू लागला.

"पोरगं कसं हाय?" बिभीषणने स्टूल ओढत विचारलं.

"लई आळशी," तेलगावचे प्रतिष्ठित मोहनराव म्हणाले.

"पुण्याला जायचं म्हणतंय ना?"

"तिथं आठ दिस टिकायचं न्हाई. धांदरट हाय."

शेजारच्या खाटेवरून कडूबाईंनीही हातभार लावला. "घोरतंय बी."

"तुमाला कसं ठावं?"

कडूबाई जरा अडखळल्या. "तोंडावरूनच कळतंय की!"

अजिनाथला संताप आला. चार वर्षं यांच्या नसा जपल्या, त्याचे हे पांग फेडले!

केळी कुणी घेईना, म्हणून बिभीषणने स्वतःच एक सोललं. अर्धं खाल्ल्यावर त्याचा आवाज खाली आला.

"बरं, सुई लई दुखती का?"

मोहनरावांच्या जिभेवर पुढचं खोटं तयार होतं. ते त्यांनी गिळलं.

"दुसऱ्या कुणी घातली की डोळ्याला पाणी येतंय. ह्याच्या हातची कळत न्हाई," ते म्हणाले. "म्हणून तर जाऊ द्यायचा न्हाई ह्याला."

बिभीषण त्यांच्या हातातल्या सुईकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने खिशातून चार घड्यांचा कागद काढला आणि टाकीमागून बाहेर आलेल्या अजिनाथपुढे धरला.

"डॉक्टर सोमवारपासून डायलिसिसला या म्हणलेत मला. घरी कुणाला सांगितलं न्हाई अजून."

अजिनाथने रिपोर्ट दोनदा वाचला. क्रिएटिनिन नऊ होतं, म्हणजे किडन्या जवळपास निकामी.

"मामा, पुण्याला काय कळवू?"

बिभीषणने घसा साफ केला. मोहनरावांनी पेपर खाली ठेवला होता आणि कडूबाई कोपरावर उठून बसल्या होत्या.

"चौदा हजारांत," तो म्हणाला, "भागतंय का हो दोघांचं?"

अजिनाथने हात पुढे केला आणि बिभीषणच्या मुठीतलं उरलेलं अर्धं केळं हळूच काढून घेतलं.