इंजिनासकट माणूस

"आता पुरे कर. नवरी आहे का ती?" फिटर शेडच्या दारातून म्हणाला, तसा ड्रायव्हरनं फडका आणखी जोरात घासला. फिटर हसत आपल्या कामाला गेला.

ती म्हणजे ठेंगणी. कारखान्याच्या आवारात मालाचे डबे इकडून तिकडे ढकलणारं बुटकं डिझेल इंजिन. मोठ्या लायनीवर नेलं असतं तर लोक पोट धरून हसले असते, पण आवारात तिचा दरारा होता. वाफेची इंजिनं मोडीत निघाली तेव्हा ती नवी कोरी आली. ड्रायव्हरही तेव्हाच लागला, डोक्यावर भरघोस केस घेऊन. आता माल ट्रकनं जायला लागला, रुळांत गवत माजलं आणि ही दोघंही कुणाला नकोशी झाली.

तरी नशीब बघा. एक खाणवाला ठेंगणीला बघायला यायचा होता. पसंत पडली तर ड्रायव्हरसकट नेईन, असा त्याचा निरोप होता. असलं जुनं धूड दुसरं कोण हाकणार? शिवाय राहायला खोली. खोली! हा शब्द ड्रायव्हर कितीतरी दिवस जिभेवर घोळवत होता. बायको गेल्यापासून तो लेकीकडे राहायचा. स्वयंपाकघराबाहेरच्या चिंचोळ्या जागेत त्याची खाट. लेकीचा जीव होता, जावईही वाईट नव्हता. पण हा रात्री खोकला की आत कुणीतरी कूस बदलायचं, मग बिचारा उशीत तोंड खुपसून खोकायचा. दुसऱ्याच्या घरात माणसानं खोकायचंसुद्धा मापात. काल लेकीनं त्याचं गाठोडं बांधलं तेव्हा ती रडली, हे खरं. पण बांधलं भराभर, हेही खरं.

त्या भागात थंडीच्या रात्री पाणी गोठायचं. इंजिन तापू नये म्हणून भरलेलं पाणी आत राहिलं तर फुगून लोखंड फोडायचं. म्हणून काम संपलं की ड्रायव्हर इंजिनातलं सगळं पाणी सोडून द्यायचा आणि रिकामी बादली गिअरच्या दांड्याला अडकवायचा. बादली दिसली म्हणजे पोटात पाणी नाही, हात लावायचा नाही. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण आवारातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.

कालही त्यानं बादली अडकवली होती. आज फडका मारता मारता ती पोचे पडलेली, गंजकी बादली त्याच्या डोळ्यांत खुपली. पाहुणा आधी हीच बघणार की! त्यानं ती उचलून शेडमागं ठेवून दिली. आता पाणी भरायचं, एवढ्यात ऑफिसातून बोलावणं आलं, खाणवाला आलाय म्हणून. हात पुसत तो तसाच गेला.

खाणवाल्यानं त्याला चहा पाजला, डोळे ठीक आहेत ना विचारलं. खोली लहान आहे पण खिडकी आहे, म्हणाला. ड्रायव्हर हवेतच गेला. बाहेर हँडल फिरल्याचा आवाज झाला आणि ठेंगणी धडधडायला लागली. खाणवाल्याच्या माणसांनी फिटरला भरलेले डबे ओढून दाखवायला सांगितलं होतं.

"वा! एका दमात," खाणवाला म्हणाला.

ड्रायव्हरला पोटच्या पोरीचं कौतुक ऐकावं तसं वाटलं. पाणी भरायचं राहिलंय, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. खाट खिडकीशी लावावी की भिंतीशी, याचा तो विचार करत होता. रंग जळाल्याचा वास आत आला तेव्हा कुठं त्याला पाणी आठवलं आणि तो धावत सुटला.

उशीर झाला होता. धूर बघून फिटर घाबरला आणि त्यानं झाकण काढून आत थंडगार पाणी ओतलं. तापलेल्या लोखंडाला ते कुठलं सोसतंय? फाडकन आवाज झाला, इंजिनाच्या कुशीत हातभर चीर पडली आणि पाणी भळाभळा रुळांवर वाहायला लागलं.

"बादली नव्हती रे," फिटर पांढराफटक पडला होता. "मी बघूनच हँडल मारलं. आईशप्पथ नव्हती."

"नव्हती," ड्रायव्हर म्हणाला. "मीच काढली."

खाणवाला सभ्य माणूस. ओरडला नाही, चिडला नाही. चीर बघितली, ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडीत बसून निघून गेला. त्यापेक्षा त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी खाट जागेवर नव्हती. तिथं जावयानं लेकीसाठी शिवणयंत्र मांडलं होतं, त्यावर पहिलं कापडही चढलं होतं. ड्रायव्हर दारातच थबकला. जावयानं आपली स्वतःची खुर्ची त्याच्यापुढं ओढली.

"बसा बाबा. आज सावकाश जेवा. आता पुन्हा कधी येणं होतंय!"

लेकीनं त्याच्या आवडीचं सगळं केलं होतं. जावई आग्रह करकरून वाढत होता, चेष्टामस्करी करत होता. इतका मोकळा झालेला ड्रायव्हरनं त्याला कधी पाहिला नव्हता. सांगायचं तर होतंच. प्रत्येक घासाला तो आता सांगू, आता सांगू म्हणत होता.

"बाबा, न्यायला गाडी कधी येणार?" लेकीनं विचारलं.

"आणखी थोडं वाढ," तो म्हणाला आणि त्यानं ताट पुढं केलं.