ओलं फडकं

म्हाळसाबाईनं राखेची तिसरी मूठ फरशीवर टाकली आणि नारळाच्या शेंडीनं तीच जागा पुन्हा घासायला घेतली. डाग केव्हाच निघाला होता, वास निघत नव्हता. भिजल्या लोकरीसारखा आंबूस, कुजका, वर त्यात मुताची झाक. तो नाकात नव्हता, टाळूला जाऊन चिकटला होता. ती वळून मोरीत थुंकली.

"सणाच्या दिवशी घाण केली रांडंनं."

मांजरी न्हाणीच्या कोपऱ्यात, बंबाच्या मागं पोत्यावर पडली होती. कबरी, एक कान फाटलेला. तेरा-चौदा वर्षं या घरात खाऊन आता नुसती कातड्याची पिशवी उरली होती. हनुवटीखाली लाळेची तार लोंबत होती आणि त्या तारेवर एक माशी बसली होती. संक्रांतीच्या थंडीत ही माशी कुठून आली, ते त्या माशीलाच ठाऊक.

सून सुगंधा तिळगुळाचं ताट हातात घेऊन दारात उभी राहिली.

"आत्याबाई, चारला बाया येतील हळदीकुंकवाला. न्हाणीचं दार ओढून घेऊ का?"

"दार ओढल्यानं वास थांबतो व्हय? तुझं नाव सुगंधा ठेवलं, म्हणून घरात आला का कधी सुगंध?"

सुगंधानं ताट या हातातून त्या हातात घेतलं. अशी वाक्यं ती बिया गिळाव्यात तशी गिळायची. त्यांचं पुढं काही उगवत नसे.

पुढच्या खोलीत मुलगा त्रिंबक बाजेवर पेपर वाचत पडला होता. शहरात चौकाचौकात पोलीस उभे होते, त्यामुळं चितेगावच्या कारखान्याची बस आज आलीच नव्हती. सोळा वर्षं ज्या नावावरून मोर्चे निघाले, घरं जळली, माणसं गेली, ते नाव आज विद्यापीठाला लागलं होतं. मागच्या गल्लीत सकाळपासून हलगी वाजत होती. म्हाळसाबाईच्या कपाळाची शीर त्या प्रत्येक ठोक्याला उडत होती.

"त्रिंबक, ऊठ. पोत्यासकट उचल हिला आन नाल्यापलीकडं सोडून ये."

"आज?" त्रिंबक न्हाणीच्या दारात आला. "माय, मरायला टेकली ती. आपल्या हातनं मांजर मेलं तर काशीला सोन्याची मांजर द्यावी लागती म्हणतेत."

"मारायला कोण सांगतंय तुला? सोडायला सांगतेय. नाल्यापलीकडं गेली, मेली, तर तिची ती मेली."

"मागं चितेगावला सोडली होती मी. अकराव्या दिवशी दारात."

"तवा पाय होते तिला. आता कशानं यायची, येष्टीनं?"

त्या अकरा दिवसांची गोष्ट म्हाळसाबाईची सगळ्या गारखेड्याला सांगून झाली होती. फाटका कान घेऊन, पायाला डांबर लागलेली मांजरी चितेगावाहून चालत आली. जनावर असावं तर माझ्या घरचं! पण तो डौल त्या वेळचा. मरणाचं कौतुक तिला कधीच नव्हतं. बापाच्या धनगरी वाड्यावर तिनं शेकड्यानं मेंढरं मरताना पाहिली होती. मेंढरू मेलं तर निदान कातडं हाताला लागतं. हिच्या मढ्याचं काय करायचं, हार घालून भिंतीला टांगायचं?

त्रिंबकनं नाक आवळून पोत्याची दोन टोकं धरली. पोतं जमिनीपासून वीतभर उचललं असेल, तोच मांजरीच्या घशातून आवाज निघाला. तो म्याव नव्हता. कोरड्या पडलेल्या रहाटासारखा, लांब, करकरीत. पाठोपाठ पिवळं पाणी त्रिंबकच्या पायजम्यावर सांडलं. त्यानं पोतं खाली ठेवलं आणि नळाकडं धाव घेतली.

म्हाळसाबाईनं पदर तोंडाला लावला. घासलेली फरशी पुन्हा भरली होती.

"मावशी, उचलू नका तिला. हाडं दुखत असतील."

खिडकीबाहेर, मागच्या भिंतीवरून एक डोकं वर आलं होतं. मनकर्णा. शेजारच्या रामकिसनची बायको. सोळा वर्षांपूर्वी, जळल्या गावातून दोन गाठोडी घेऊन ही माणसं मागच्या प्लॉटवर आली, त्याच महिन्यात म्हाळसाबाईनं भिंतीवर विटांचे दोन थर चढवले होते. माणसांना ती भिंत पुरली. मांजरीला पुरली नाही. दिवसातून दोनदा ती पलीकडं जायची, दोनदा यायची. कुणी म्हणालं, 'तुमची मांजर तिकडच्यांच्यात खाती की हो,' तर म्हाळसाबाईचं उत्तर तयार असे. मांजराला विटाळ नसतो. शास्त्रात हाय.

कुठल्या शास्त्रात, ते तिला विचारायची कुणाची छाती नव्हती.

"तुला कुणी बोलावलं?" म्हाळसाबाई म्हणाली.

"आवाज आला तिचा. द्या माझ्याकडं. नायतर मी येते."

मनकर्णा पांढरं स्वच्छ लुगडं नेसली होती, इस्त्रीच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. गल्लीच्या तोंडाला विद्यापीठाकडं जाणारा ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला आणि रामकिसनची हाक.

"मनकर्णा! चल की! ट्रक भरला!"

"तुम्ही व्हा म्होरं. मी मागनं येते."

"मागनं कशी? येड लागलं का तुला? आजच्या दिवशी?"

तिचं डोकं भिंतीआड गेलं. थोड्या वेळानं मागच्या दाराची कडी वाजली. सुगंधानं सासूकडं बघितलं. सासूनं फरशीकडं. सुगंधानं दार उघडलं.

सोळा वर्षांत पहिल्यांदा मनकर्णा या घराच्या आत आली. चपला बाहेर काढून, हातात एक ओलं फडकं घेऊन. आधी कुणाच्या परवानगीसाठी थांबली नाही, म्हणून म्हाळसाबाईला बोलायला जागाच मिळाली नाही. ती सरळ बंबामागं गेली आणि त्या घाणीत, पांढरं लुगडं गोळासुद्धा न करता, मांडी घालून बसली.

"काय झालं गं बाई? आं? काय झालं आमच्या ठकूला?"

तर तिकडं हिचं नाव ठकू होतं. म्हाळसाबाईनं तिला कधी नाव दिलं नव्हतं. शिव्या दिल्या होत्या, त्यालाच ती ओ द्यायची.

मनकर्णानं फडकं पिळलं आणि मांजरीला पुसायला घेतलं. आधी कपाळ, मग डोळ्यांच्या कडा. आणि मग म्हाळसाबाईच्या लक्षात एक गोष्ट आली. जी मांजरी सकाळपासून मान हलवत नव्हती, तिनं हनुवटी आपणहून वर केली. गळ्याखालून फडकं फिरलं. मग पुढचा उजवा पाय, कापत कापत, बोटभर उचलला. तो पुसून झाल्यावर डावा. शाळेत जाणारं पोर न सांगता एकेक हात पुढं करतं, तसं.

कितीतरी वर्षांची ही सवय होती. म्हाळसाबाईनं कमरेवर हात ठेवले.

"हिला हे कुणी शिकवलं?"

मनकर्णा पुसत राहिली.

"तुलाच विचारतेय."

"सासूबाईनं."

सखूबाई. मरून सहा वर्षं झाली असतील. वाळक्या शेंगेसारखी म्हातारी. भिंतीवर कधी दिसली तरी नजर फिरवायची. म्हाळसाबाईला वाटायचं, घाबरते.

"कशापायी? आमच्या घरी काय गटारात लोळत होती का ती?"

"राहू द्या मावशी. आजचा दिवस नाय तो."

"दिवस मला नको शिकवू. बोल."

मनकर्णानं मांजरीचं शेपूट पुसलं. फडक्याची घडी उलटली.

"तुमच्याकडून आली की सासूबाई तिला पुसून मगच घरात घ्यायच्या. उंबऱ्याच्या बाहेर. पावसापाण्याचं असलं तरी."

पायजमा धुऊन पुढच्या खोलीत परतलेल्या त्रिंबकनं पेपर दुमडला.

"आमच्याकडून आली की," म्हाळसाबाई सावकाश म्हणाली.

"व्हय."

"आमची घाण?"

"आम्ही आलो त्या पंधरवड्यात," मनकर्णा म्हणाली. आवाज चढला नव्हता, मांजरीशी बोलताना होता तसाच होता. "सासूबाई नळावर गेल्या होत्या. कुणीतरी विचारलं, घर जळलं का म्हणून. तुम्ही म्हणलात, 'खोपटंच होतं ना? आम्ही धनगर दरसाल पाल मोडतो, दरसाल बांधतो. आम्ही कवा रडलो?' बाया हसल्या."

म्हाळसाबाईला ते वाक्य आठवलं नाही. पण ते तिचंच होतं. गारखेड्यात दुसऱ्या कुणाला ते तसं जमलंच नसतं.

"मग काय खोटं बोलले?" ती म्हणाली. शब्द नेहमीच्या वाटेनंच बाहेर आले.

"खोटं नाय. खोपटंच होतं." मनकर्णानं मांजरीच्या हनुवटीखाली पुन्हा लोंबलेली लाळेची तार फडक्यानं टिपली. माशी उडाली. "त्यात सासूबाईची शेळी बांधलेली होती. दोन पिल्लं होती तिला, आठ दिवसांची. दावं सोडायला जाऊ दिलं नाय कुणी आम्हाला. लांबून आवाज ऐकत उभ्या होत्या त्या."

म्हाळसाबाईनं कमरेवरचे हात काढले.

तिच्या बापाला अक्षरओळख नव्हती. पण वाड्यावर आग लागली तर काय करायचं, ते त्यानं तिला चालायला लागल्या दिवसापासून सांगितलं होतं. आधी दावं काप. मग लेकरू उचल. लेकरू ओरडून सांगतं, उठून पळतं. बांधल्या जनावराला दाव्यापुढं जाता येत नाही. एकदा कडब्याच्या गंजीनं पेट घेतला, तेव्हा बापानं तिला, सहा वर्षांच्या पोरीला, ओलांडून कोकरांकडं धाव घेतली होती. तिला त्याचा कधी राग आला नाही. उलट चारचौघांत ती ते मिरवायची.

सकाळपासूनचा तो वास आता टाळूला नव्हता. खाली, जिभेच्या मुळाशी होता. जीभ स्वतःच बाहेर काढून घासावी, असं तिला वाटलं.

"आन तू?" तिनं विचारलं. "सासू तर गेली तुझी."

"मी काय?"

"तू पुसतीस अजून?"

मनकर्णानं पहिल्यांदा वर बघितलं. नजर स्वच्छ होती. राग असता तर म्हाळसाबाईला त्याचं काय करायचं ते ठाऊक होतं.

"पुसतेच हाय की," ती म्हणाली.

मांजरीनं तोंड उघडलं, मिटलं. मनकर्णानं सुगंधाकडं वळून पाणी मागितलं. सुगंधानं सासूकडं न बघता वाटी भरून दिली, देव्हाऱ्याजवळची पितळी. मनकर्णानं बोट बुडवलं, थेंब मांजरीच्या ओठाशी धरला. गुलाबी जिभेचं टोक आलं, आत गेलं. दुसरा थेंब. तिसरा बाहेर ओघळला.

"जा बाई," मनकर्णा हळूच म्हणाली. "लई भिंती चढलीस. आता बस कर."

गल्लीच्या तोंडाचा ट्रक केव्हाच निघून गेला होता. हलगीचा आवाज लांब, क्रांती चौकाकडं सरकला होता. तेवढ्यात पुढच्या दारात बांगड्या वाजल्या आणि केसरबाईचा जाडा आवाज आला.

"म्हाळसाबाई, हायेत का घरात? अगं बाई, कसला वास येतोय हा?"

मागं चारपाच जणींचं हसणं. सुगंधा पुढं जाऊन परत आली. तिच्या कपाळावर घाम होता.

"आत्याबाई, बाया आल्या. मागं कोण हाय म्हणून विचारतेत. काय सांगू?"

म्हाळसाबाईनं मनकर्णाच्या भरलेल्या पांढऱ्या लुगड्याकडं बघितलं.

"आत्याबाई?"

"मांजर मरतंय म्हणावं. मी मांजरीपाशी बसलेय." ती थांबली. "आन शेजारीण बसलीय. हळदीकुंकू तू लाव. वाण तू वाट."

"तुम्ही येत नाय?"

"एकदा सांगितलेलं कळत नाय का गं तुला?"

सुगंधा गेली. बाहेर कुजबूज झाली, मग वाटीत चमचा वाजला.

म्हाळसाबाई गुडघ्यावर हात रेटत खाली बसली. संक्रांतीचं काळं लुगडं राखेत आणि त्या पिवळ्या पाण्यात भिजलं. तिनं मांजरीकडं हात नेला, अर्ध्यावर थांबवला. बोटांना राख लागली होती, नखांत काळं होतं.

"दे इकडं ते फडकं," ती म्हणाली.

मनकर्णानं फडकं दिलं.

म्हाळसाबाईनं आधी तळवे पुसले, मग बोटांच्या बेचक्या, मग बांगड्या वर सारून कोपरापर्यंत. घाई केली नाही. पुसून झाल्यावर फडकं गुडघ्यावर ठेवलं आणि दोन्ही हात उताणे मनकर्णापुढं धरले, मांजरी पाय धरायची तसे.

मनकर्णानं त्या हातांकडं बघितलं. मांजरीचं पोट दोघींच्या मधे हलकेच वरखाली होत होतं.

मग ती थोडी सरकली आणि तिनं मांजरीपाशी जागा करून दिली.